तक्रार नाही म्हणजे मदत पोहोचली?

दुष्काळग्रस्तांच्या छावणीत तक्रारपेटी रिकामी निघाली की वाटप सुरळीत झालं असं धरून चालतात. हा समज चुकीचा आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे सोमालियात दिसतं.

2011 च्या दुष्काळात दक्षिण सोमालियातून हजारो कुटुंबं राजधानी मोगादिशूत आली. तिथल्या अनेक छावण्यांवर ताबा स्थानिक मुखत्यारांचा. ते राहायला जागा देतात, पहारा ठेवतात आणि बदल्यात मदतीतला वाटा कापून घेतात. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 2013 मध्येच हे मांडलं होतं. आता सांगा, ज्याच्या जागेवर झोपडी आहे त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? उद्या हुसकावलं तर जायचं कुठे? त्यात दुर्बळ कुळांच्या (म्हणजे वंशगटांच्या) माणसांना पाठीशी उभं राहणारंही कुणी नसतं. हेल्पलाइन असते, पण फोन नवऱ्याकडे किंवा फोनच नाही. तक्रार केली तर यादीतून नाव उडेल, ही धास्ती वेगळीच.

2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत मदतीची मोठी चोरी समोर आली. मग युरोपीय संघाने जागतिक अन्न कार्यक्रम या संयुक्त राष्ट्रांच्याच अन्नमदत संस्थेचा सोमालियातला निधी तात्पुरता थांबवला. (भुर्दंड पुन्हा उपाश्यांनाच!)

बोलायची सोय असली की लोक बोलतात. रेडिओ अर्गो या सोमाली भाषेतल्या केंद्राकडे श्रोते आपल्याच आवाजात निरोप ठेवतात: पाणी आटलं, जनावरं मेली, मदत आलीच नाही. म्हणून तक्रारी शून्य दिसल्या, तर आधी छावणी कुणाच्या ताब्यात आहे ते विचारावं.