पहिल्या श्रेणीची मुलं मोजून जिल्हा कळत नाही

युगांडात सातवीच्या शेवटी होणाऱ्या प्राथमिक परीक्षेचा, म्हणजे पीएलईचा, निकाल लागला की एकच हिशेब सुरू होतो: कोणत्या जिल्ह्यात पहिल्या श्रेणीची मुलं किती. ईशान्येकडच्या, गुरं राखणाऱ्या लोकांच्या कारामोजा भागातल्या कोटिडोसारखा जिल्हा मागे दिसला की ‘तिथल्या पोरांना अभ्यासाचं वावडं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. हे साफ चूक आहे.

आधी श्रेणी कशी ठरते ते बघा. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे चार विषय. प्रत्येकाला १ ते ९; १ सर्वोत्तम. बेरीज ४ ते १२ आली तर पहिली श्रेणी. म्हणजे ३, ३, ३, ३ मिळवणारी मुलगी पहिल्या श्रेणीत आणि ३, ३, ३, ४ वाली दुसऱ्या. दोघींत अंतर ते केवढं!

खरी गोम भाषेत आहे. खेड्यातल्या शाळांत पहिली ते तिसरी स्थानिक भाषेतून शिकवायचं, चौथीत इंग्रजीकडे वळायचं, आणि सातवीला गणिताचा पेपरसुद्धा इंग्रजीत. घरी न्गाकारिमोजोंग ही कारामोजातली भाषा बोलणाऱ्या पोराला भागाकार येतो, पण शाब्दिक उदाहरणातला प्रश्नच उमगत नाही. कंपालातल्या खासगी शाळेतलं मूल बालवाडीपासून इंग्रजी ऐकतं. या दोघांना एका तराजूत कसं तोलायचं?

शिवाय १९९७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत असलं, तरी सातवीआधीच गुरांमागे गेलेली किंवा लग्न लावून दिलेली मुलं निकालात कुठेच नसतात. म्हणून मी आधी विचारते, पहिलीच्या हजेरीपटावर नावं किती होती, आणि परीक्षेला बाकावर बसली किती?