कान्सेई अभियांत्रिकी

वस्तू पाहताना, हाताळताना माणसाला जे वाटते ते मोजून त्या वस्तूच्या घडणीशी जोडणारी जपानी पद्धती. ‘कान्सेई’ या शब्दात इंद्रियांना जाणवणे, मनाला भावणे आणि आवडनिवड असे सारे एकवटले आहे. एकट्या ‘भावना’ या शब्दात ते मावत नाही. हिरोशिमा विद्यापीठातील मित्सुओ नागामाची यांनी १९७०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला.

तिचा प्राण शब्दसंग्रहात आहे. ग्राहक आणि विक्रेते त्या वस्तूविषयी बोलताना जी विशेषणे वापरतात ती गोळा करायची आणि सारख्या अर्थाची एकत्र करून यादी आटोपशीर करायची. मग ‘नाजूक–दणकट’ अशा दोन टोकांमधल्या पाच किंवा सात पायऱ्यांवर लोक नमुन्यांना गुण देतात. ही मोजपट्टी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड यांची. दुसरीकडे प्रत्येक नमुन्याची फोड होते: मूठ गोल की चौकोनी, कड धारदार की गोलसर, रंग कोणता. ही उत्तरे आकड्यांत नसतात. म्हणून संख्याशास्त्रज्ञ चिकिओ हायाशी यांचे संख्यीकरणाचे तंत्र वापरतात. मूठ गोल केल्याने ‘नाजूक’पणा किती वाढला, हे त्यातून कळते.

हे संबंध संगणकात साठवले की माहितीप्रणाली तयार होते. तिच्यात शब्दांचा, चित्रांचा आणि आकार-रंगांचा साठा असतो, शिवाय त्यांना जोडणारे नियम. शब्द दिला की प्रणाली आकार सुचवते. उलटही चालते: संकल्पकाने रेखाटन दिले, तर ते लोकांना कसे वाटेल याचा अंदाज मिळतो.

सर्वांत गाजलेले उदाहरण माझ्दाच्या १९८९ साली आलेल्या एमएक्स-५ या छोट्या मोटारीचे. ‘घोडा आणि स्वार एकजीव’ ही मूळ कल्पना पायरीपायरीने उतरवत दोनच आसने, चार मीटरच्या आतली लांबी, धुराड्याचा आवाज असे निर्णय झाले. नुसत्या पसंतीच्या पाहणीतून असा धागा क्वचितच हाती लागतो, कारण तिथे ‘आवडली’ एवढेच कळते. कशामुळे, ते कळत नाही.

शब्द मात्र त्या त्या भाषेतूनच घ्यावे लागतात. परभाषेतील प्रश्नावलीचे भाषांतर करून मराठी घरांत एखाद्या आसनाविषयी विचारले, तर ‘प्रशस्त’ला गुण मिळतील, पण माणसे स्वतःहून म्हणतात ते ‘ऐसपैस’ यादीत येणारच नाही. आणि ऐसपैस आसनात मांडी घालून बसता येते, प्रशस्त आसनात ते गृहीत नसते.