दोन पट्ट्या वेगळ्या कशासाठी?

नेरुळ किंवा ऐरोलीच्या रो-हाउसमध्ये राहणारा हौशी कारागीर मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालतो, तिथे ग्राइंडर, बेंच ड्रिल आणि लहानसा कॉम्प्रेसर मांडतो, आणि सुरुवातीला हे सगळे स्वयंपाकघरातून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालते. पुढे वायर तापू लागली की शेडसाठी वेगळी डीबी, म्हणजे वीज वाटून देणारी पेटी, बसवायचे ठरते. यात तारेची जाडी ठरवणे हा सोपा भाग आहे: 20 मीटर अंतरावर 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून 20 अँपिअर वाहिले, तर जाऊन-येऊन सुमारे साडेतीन व्होल्ट घटतात, आणि 230 व्होल्टमध्ये ते जाणवतही नाहीत. घोळ होतो तो न्यूट्रलचा, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेचा.

न्यूट्रलही शेवटी रोहित्रापाशी जमिनीलाच जोडलेले असते, मग नव्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थच्या तारा एकाच पट्टीवर आवळल्या तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. न्यूट्रलमधून यंत्र चालू असेपर्यंत परतीचा प्रवाह वाहत असतो; अर्थच्या तारेत मात्र बिघाड झाला तरच प्रवाह यावा, कारण ती यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. दोन्ही एकत्र केल्या की परतीचा काही प्रवाह अर्थच्या तारेने जाऊ लागतो. त्यातच घराकडून येणारे न्यूट्रल तुटले आणि अर्थिंगही कच्चे असले, तर चालू दिव्यातून आलेला दाब थेट ग्राइंडरच्या अंगावर उतरतो.

आरसीसीबीची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. या उपकरणातून फेज (दाब घेऊन येणारी तार) आणि न्यूट्रल दोन्ही जातात, आणि गेलेला व परतलेला प्रवाह सारखा नसेल तर ते पुरवठा तोडते. घरगुती वापरात ही मर्यादा 30 मिलिअँपिअर असते. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल कुठेही अर्थला किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला भिडले, की काही बिघाड नसतानाही ते पुन्हा पुन्हा पडते. मग वैतागून तेच काढून टाकले जाते, हे मी एकाहून अधिक शेडमध्ये पाहिले आहे.

एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की तुटणारा स्विच) असताना आरसीसीबी कशाला, हा प्रश्न गैर नाही. समजा, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम आहे आणि फेज यंत्राच्या अंगाला लागला. प्रवाह फार तर 46 अँपिअर होईल. 16 अँपिअरच्या सी-प्रकारच्या एमसीबीला तत्काळ तुटण्यासाठी 80 ते 160 अँपिअर लागतात, त्यामुळे तो काही सेकंद तसाच राहू शकतो, आणि तेवढा वेळ यंत्राचे अंग जिवंत असते. आरसीसीबी हेच काम सेकंदाच्या अंशात करतो.

हे काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. मुख्य स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. पेटी बसल्यावर दर महिन्याला आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबावे, पण ते फक्त उपकरण तपासते, अर्थची तार तुटली असली तरी आरसीसीबी पडतोच. म्हणून अर्थिंगचा रोध वेगळा मोजून घ्यावा, आणि तोही मे महिन्यात, कारण पावसात भिजलेल्या जमिनीत तो आकडा नेहमीच बरा दिसतो.