रंगवली म्हणून गिटार मुकी होत नाही

जुनी अकूस्टिक गिटार रंगवून मित्राला द्यायची म्हटलं की कुणीतरी सांगतंच, "रंग लावलास की आवाज मेला." हे खरं नाही. कारखान्यातून निघतानाच तिच्यावर लॅकरच्या किंवा पॉलिएस्टरच्या पॉलिशचा थर असतो. प्रश्न जाडीचा आहे. तारांचं कंपन ब्रिजमधून, म्हणजे फळीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीतून, समोरच्या जेमतेम 3 मिलिमीटरच्या फळीत उतरतं. तिथे रंगाचे लपके बसले तर फळी जड होते, आवाज दबतो. म्हणून तारा काढा, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी हलकेच घालवा, ब्रिज आणि फ्रेटबोर्ड (जिथे बोटांनी तारा दाबतात ती मानेवरची पट्टी) मास्किंग टेपने झाका आणि अ‍ॅक्रिलिकचे पातळ हात द्या. भरगच्च नक्षीची हौस मागच्या बाजूला भागवा. ती तशीही वाजवणाऱ्याच्या पोटाला टेकलेली असते. समोरची फळी अस्सल स्प्रूस लाकडाची असेल, तर मात्र मूळ पॉलिशला हात लावू नका.