डक्ट मे महिन्यात कोरडा, श्रावणात ओला
छताला पिवळट डाग पडला, पीओपीचा पोपडा सुटला की पहिला संशय स्लॅबवर जातो. पावसाळ्याचे दिवस असतात, त्यामुळे तो खराही वाटतो. गच्चीवर वॉटरप्रूफिंग होतं, पैसे जातात, डाग तिथेच राहतो. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरकडच्या नव्या बंगल्यात फॉल्स सीलिंगमधून एसीचा डक्ट, म्हणजे गार हवा खोल्यांत नेणारा पत्र्याचा बोगदा, फिरवलेला असेल, तर आधी सीलिंगचा एक चौकोन उघडून त्या डक्टला हात लावून बघावा. तो ओला लागला तर ते पाणी गच्चीवरून आलेलं नसेल, घरातल्याच हवेतून निघालेलं असेल.

३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकतं. १३ अंशांना जेमतेम ११ ग्रॅम. डक्टमधून साधारण १३ अंशांची हवा वाहत असते. डक्टबाहेरची दमट हवा त्या गार पृष्ठभागाला टेकली की जास्तीचं बाष्प पाणी होऊन तिथेच बसतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर थेंब येतात ते याच कारणानं. ज्या तापमानाला थेंब धरायला सुरुवात होते, तो दवबिंदू. त्याचा एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: हवा दमट असेल, तर आर्द्रता १०० टक्क्यांच्या खाली दर ५ टक्क्यांनी गेली की दवबिंदू हवेच्या तापमानापेक्षा सुमारे एका अंशानं उतरतो.

मराठवाड्याची गंमत इथे आहे. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर दवबिंदू १४ अंशांच्या आसपास येतो. अशा हवेत काहीही न गुंडाळलेला पत्र्याचा डक्टसुद्धा कोरडा राहतो, कारण पत्र्याची बाहेरची बाजू विशीच्या वरच असते. मग मृग बरसतो, हवा निवते, सगळ्यांना बरं वाटतं. पण ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता म्हणजे दवबिंदू थेट २५. तापमान १२ अंशांनी उतरलं, हवेतलं बाष्प मात्र दुप्पट झालं. आता तोच उघडा पत्रा १८ अंशांवर असतो आणि त्यावरून पाण्याचे ओघळ येतात. आपल्याकडे एसी बसवायची घाई असते एप्रिल-मे महिन्यांत, चाचणीही तेव्हाच होते. त्या हवेत कसलंही काम पास होतं.

डक्टभोवती गुंडाळलेल्या आवरणाचं काम थंडावा राखण्याचं आहेच, पण श्रावणात बाहेरची बाजू दवबिंदूच्या वर ठेवणं जास्त महत्त्वाचं. वरच्याच आकड्यांवर हिशेब केला, तर ९ मिलिमीटर जाड नायट्रिल रबरानं (फोमसारख्या रबरी आवरणानं) बाहेरची बाजू साधारण २५ अंशांवर येते, म्हणजे अगदी काठावर. २५ मिलिमीटरनं ती २७ च्या पुढे जाते. सीलिंगच्या पोकळीत हवा हलत नाही, तिथे पातळ आवरण आणखी लवकर हरतं. आवरणावरची चकचकीत फॉईल दिसायला छान, पण ती आजूबाजूची उष्णता परत फेकते आणि स्वतः थोडी जास्त गार राहते. फॉईल असेल तर जाडी वाढवावी लागते.

जाडीइतकाच महत्त्वाचा सलगपणा. डक्ट टांगायच्या पट्ट्या, दोन तुकड्यांचे सांधे, वळणं, इथे फॉईल फाटते किंवा टेप सुटते. त्या फटीतून बाष्प आत शिरतं आणि पत्र्याशी पोचून पाणी होतं. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचं आवरण, ओलं झालं की त्यातून उष्णता सहज जाते, मग बाहेरची बाजू आणखी गार, ओल आणखी जास्त. यावर गोणपाट किंवा जुनी चादर बांधणं निरुपयोगी, कारण कापडातून बाष्प आरपार जातं. ओल्या आवरणावर नवा थर चढवणं तर त्याहून वाईट. आतलं पाणी कोंडतं आणि बुरशी धरते. भिजलेला भाग कापून काढावा, पत्रा कोरडा पुसावा, मगच नवं आवरण लावून प्रत्येक जोड टेपनं बंद करावा.

हॉलमध्ये पाण्याचा कूलर आणि खोल्यांत एसी, अशी जोडी आपल्याकडे पुष्कळ घरांत असते. पावसाळ्यात तो कूलर घरात बाष्पच ओततो, तो बंद ठेवावा. न्हाणीघराचा एक्झॉस्ट सीलिंगच्या पोकळीत सोडलेला असेल तर बाहेर काढावा. फिल्टर धुळीनं तुंबला की वारा कमी होऊन डक्टमधली हवा जास्त गार होते, तोही धुवावा. पाणी फक्त आतल्या युनिटखालीच ठिबकत असेल, तर मात्र बहुतेक वेळा निचऱ्याची नळी तुंबलेली असते आणि काम स्वस्तात होतं.

नवा डक्ट बसवून घेत असाल, तर कंत्राटदाराशी आधीच बोलून शेवटचा हप्ता पोळ्यापर्यंत राखून ठेवावा.