उभ्याने काम, बसायची सोय: गोव्यातील कामाच्या जागेची पार्श्वभूमी

कामाच्या पद्धतीमुळेच शरीर झिजते, हे इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली ग्रंथरूपाने मांडले आणि सतत उभ्याने किंवा एकाच जागी बसून राबणाऱ्यांच्या व्याधीही त्यात नोंदवल्या. कायद्याचे लक्ष मात्र आधी यंत्राकडे गेले. भारतात १ एप्रिल १९४९ पासून अमलात आलेल्या कारखाने अधिनियमात फिरत्या यंत्राचे कुंपण, हवा, उजेड यांचा पुष्कळ तपशील होता. उभ्याने काम कराव्या लागणाऱ्यांना उसंत मिळेल तेव्हा टेकता यावे, एवढी तरतूद कलम ४४ मध्ये आली. बसूनही नीट होण्याजोगे काम असेल तर मुख्य निरीक्षक तशी व्यवस्था करायला सांगू शकत होता, हे त्यातले पोटकलम मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते कामाची मांडणीच बदलू पाहत होते.

गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. त्या काळी खनिज डोक्यावरच्या टोपल्यांतून वाहिले जाई आणि त्यात बायांचा वाटा मोठा होता. पुढे यंत्रे आली ती जहाज लवकर भरावे म्हणून. डोक्यावरचे ओझे उतरले ते ओघानेच. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय कारखाना कायदा येथे लागू झाला. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली त्यात घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले, पण तोही भर वायू आणि रसायनांवरच होता.

काजू कारखान्यातले काम पाहिले की उरलेली उणीव ध्यानात येते. पायाने पॅडल दाबून बी पात्यांत धरायची, हाताने दांडा वळवून टरफल उकलायचे, आणि टरफलातल्या तेलाने कातडी भाजू नये म्हणून बोटांना राख किंवा गोडे तेल लावायचे, असा हा क्रम दिवसभर चालतो. पॅडल आणि बैठक यांची उंची जुळली नाही, तर कंबर आणि गुडघा दोन्ही धरतात. हातमोजे दिले तरी हे दुखणे जात नाही.

कारखाने अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ‘कारखाना’ ठरण्यासाठीची कामगारसंख्या वाढवली; विजेवर चालणाऱ्या जागेसाठी ती १० वरून २० झाली. मात्र उभ्याने काम करणाऱ्यांच्या बैठकीची तरतूद तिने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपर्यंत नेली, त्यामुळे पणजीतील कापडाची मोठी दुकाने आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांतील स्वागतकक्षही आता तिच्या कक्षेत येतात.