बारा मोटेची विहीर, लिंब

सातारा तालुक्यातील लिंब गावाजवळची शाहूकालीन दगडी विहीर. शेतीचे पाणी आणि राजाची बैठक एकाच बांधकामात बसवलेली असल्याने, वास्तूच्या रचनेतूनच अर्थ कसा मांडता येतो याचे महाराष्ट्रातील हे फार बोलके उदाहरण आहे.

छत्रपती शाहूंच्या अंतःपुरात मोठा अधिकार असलेल्या विरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ (इ. स. १७१९–२४) या काळात बांधून घेतली. हेतू साधा होता : परिसरातील आमराईला पाणी. विहीर सुमारे ११० फूट खोल असून तिचा व्यास ५० फूट आहे. काठावर पंधरा मोटांची (बैलांनी ओढून पाणी वर काढण्याच्या चामडी पात्रांची) सोय आहे. त्यांपैकी बारा एका वेळी चालत, म्हणून हे नाव पडले.

मुख्य विहीर अष्टकोनी आहे. तिला जोडून दुसरी लहान विहीर असून दोहोंच्या मधोमध महाल आहे. पायऱ्या उतरून दरवाजातून आत गेले की माणूस थेट महालात पोहोचतो आणि कमानींतून खाली पाणी दिसते. महालाच्या माथ्यावर सिंहासनाची जागा दाखवतात. एरवी दरबार गडावर किंवा वाड्यात असतो. येथे राजाची बैठक मोटा, नाडे (मोटेचे दोर) आणि थारोळी (मोटेचे पाणी पडते ती कुंडे) यांच्या गराड्यात आहे. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतरत्या वाटेवरून, उतरले की मोट वर येणार आणि थारोळ्यात रिकामी होऊन पाणी पाटाला लागणार. हे सगळे बैठकीच्या नजरेसमोर. रयतेला पाणी देणे हा राज्याचाच भाग आहे, हे सांगायला बांधणाऱ्याला कमानीवर ओळी कोराव्या लागल्या नाहीत. महालाच्या जागेनेच ते सांगितले.

दोन्ही विहिरींचा एकत्र आकार वरून शिवलिंगासारखा दिसतो. महालात बसलेल्याला तो पूर्ण दिसत नाही, काठावर बैल हाकणाऱ्याला दिसतो. या वास्तूतली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि घाईने खाली उतरणारे पाहुणे नेमकी तीच गमावतात.

भिंतींवर हत्तींना जेरबंद करणारे शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक पशू, कोरलेले आहेत. असे शरभ दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर नेहमी आढळतात आणि तेथे ते पराक्रमाची खूण असतात. विहिरीचे काम सुरू झाले त्याच १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीच्या मोगल दरबारातून चौथाई व सरदेशमुखी या वसुलीच्या हक्कांच्या आणि स्वराज्याच्या सनदा (अधिकारपत्रे) आणल्या. मोगलांच्या कैदेत वाढलेल्या शाहूंच्या कारकिर्दीतली ही विहीर असल्याने येथील शरभांना केवळ नक्षी मानणे अपुरे ठरते. किल्ल्यावरची खूण पाणवठ्यावर उतरवण्यामागे राज्य स्थिरावल्याचा विश्वास आहे.

उपयोगातून आकार आणि आकारातून अर्थ, ही रीत कृष्णाकाठी वाईतही दिसते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपती मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. तेथे नदीला वाट करून दिली आहे, लिंबला पाण्याभोवती माणसांची जागा ठरवली आहे. माझ्या मते रचनेचे धाडस लिंबचे मोठे.

मोटा आता थांबल्या आहेत. विहिरीला पाणी आहे, आणि काळ्या दगडाचे बांधकाम तीनशे वर्षांनंतरही भक्कम आहे.